येलचा आनंदाचा कोर्स केला, कसा आहे ते सांगतो

कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरचा 'द सायन्स ऑफ वेल-बीइंग' संपवला. बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच लिहून टाकतो. नुसतं शिकायचं असेल तर फुकट आहे, सर्टिफिकेटला पैसे पडतात, पण आनंदाचं सर्टिफिकेट घेऊन लावणार कुठे, त्यामुळे फुकटवालाच घ्या.

शिकवणाऱ्या बाई लॉरी सँटोस, मानसशास्त्राच्या प्रोफेसर. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीत त्यांनी हा विषय वर्गात घेतला तेव्हा जवळपास १२०० पोरं बसली, येलच्या ३०० वर्षांत एवढा मोठा वर्ग झाला नव्हता. म्हणजे जिथे ॲडमिशन मिळाली की लाइफ सेट असं आपण धरून चालतो, तिथलीच पोरं आनंदी कसं राहायचं शिकायला गर्दी करतायत! ऑनलाइन व्हिडिओ बाईंच्या घरीच मोजकी पोरं समोर बसवून शूट केलेत, त्यामुळे लेक्चर वाटत नाही, गप्पा वाटतात.

पहिल्या भागात मिसवॉन्टिंग, म्हणजे आपल्याला जे हवंहवंसं वाटतं ते मिळाल्यावर किती बरं वाटेल याचा अंदाजच आपला चुकतो. पगार, मार्क, फोन, सगळ्याची सवय होते, त्याला हेडॉनिक अडॅप्टेशन म्हणतात. या विषयात १९७८ चा लॉटरीवाला अभ्यास सगळीकडे ऐकू येतो, की लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले शेवटी सारखेच खूश. तसं नाहीये हां. आनंदाचे मार्क ५ पैकी लॉटरीवाले ४, साधी माणसं ३.८२ आणि अपघातवाले २.९६. लॉटरीने फारसा फरक पडला नाही हे खरं, पण अपघाताने पडलाच की, आणि लॉटरीवाले होते फक्त २२ जण.

पैशाचा भाग मला शिळा वाटला. वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही हे कानमन आणि डीटन या संशोधकांचं २०१० चं गणित त्यात आहे, पण २०२३ मध्ये कानमननेच दुसऱ्या संशोधकांबरोबर पुन्हा तपासलं तर बहुतेकांचा आनंद त्याच्या पुढेही वाढताना दिसला, थांबतो तो सगळ्यात दुःखी गटाचा. कोर्स २०१८ चा, त्यात हे कुठून येणार. बरं ते डॉलर अमेरिकेतले, आपल्या ईएमआयवाल्या माणसाने त्यातून काय घ्यायचं ते आपलं आपणच बघायचं.

शिकागोच्या ट्रेनचा प्रयोग मात्र भारी. लोकांना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, सगळ्यांना वाटलं प्रवास बोअर होणार, उलट बोलणाऱ्यांचाच मस्त गेला. आमच्या डोंबिवली फास्टमध्ये भजनं आणि बर्थडे केक दोन्ही चालतं, हे सिद्ध करायला तिकडे प्रोफेसर लागले!

कोर्सचा खरा जीव जी.आय. जो फॅलसीत, म्हणजे त्या नावाच्या गैरसमजात आहे. जी.आय. जो या जुन्या अमेरिकन कार्टूनमध्ये म्हणायचे की माहीत असणं म्हणजे निम्मी लढाई जिंकली, बाई म्हणतात कसली निम्मी, माहीत असून काही होत नाही, रोज करावं लागतं. म्हणून दुसऱ्या भागात व्हिडिओ कमी, होमवर्क जास्त. कृतज्ञता लिहा, चांगला क्षण चवीने जगा, कुणाला तरी मदत करा, व्यायाम, ध्यान, झोप. शेवटचे चार आठवडे यातलं एकच धरून ठेवायचं. मी झोप धरली, फोन रात्री किचनमध्ये चार्जिंगला, आणि खरंच फरक पडला. सुरुवातीला आणि शेवटी आपण किती सुखी आहोत ते मोजणारी पर्माची प्रश्नावली भरायची असते, पर्मा म्हणजे मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमनचं सुखाचं मॉडेल: सुखद भावना, तल्लीनता, नाती, अर्थ आणि काहीतरी साध्य केल्याचं समाधान. माझा स्कोअर वाढला, पण परीक्षा देणारा मी आणि मार्क देणाराही मीच, शिवाय मधे दिवाळीची सुट्टी येऊन गेली, त्यामुळे त्याचं फार कौतुक नको.

माझ्याकडून ५ पैकी ३.५. व्हिडिओ एका वीकेंडला उरकायचे असतील तर घेऊच नका, आणि डिप्रेशनसारखं काही वाटत असेल तर आधी डॉक्टर, हा कोर्स त्यासाठी नाहीये.