मायोर्का की नीस? भूमध्य समुद्राकाठी सायकल न्यायची तर

दरवर्षी जानेवारीत आमच्या सायकल ग्रुपवर हा विषय निघतोच. कोणीतरी निळा समुद्र, कडा आणि वळणावळणाच्या रस्त्याचा फोटो टाकतं आणि दोन तट पडतात: मायोर्कावाले आणि नीसवाले. मी दोन्हीकडे एकेक आठवडा सायकल चालवून आलोय. त्यामुळे दोन्ही बाजू मला आपला समजतात आणि शेवटी दोन्ही नाराज होतात.

फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. फरक आहे तो डोंगर कुठे उभा आहे याचा. मायोर्का हे स्पेनचं बेट. वायव्य किनाऱ्याला त्रामुंतानाची रांग आणि तिच्या पाठीमागे, बेटाच्या मधोमध, चक्क सपाट शेती. बदामाच्या बागा, रचलेल्या दगडांची कुंपणं, गावाच्या चौकात चर्च आणि चर्चसमोर कॉफी. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नीस शहराला अशी मोकळी पाठ नाही. तिथे आल्प्स सरळ समुद्रात उतरतात. किनाऱ्यालगतचा प्रोमनादचा सायकल ट्रॅक तेवढा सपाट, बाकी जिकडे वळाल तिकडे चढ. नकाशात हे लक्षात येत नाही, तिसऱ्या दिवशी मांड्यांना कळतं.

म्हणून आधी ग्रुपकडे बघा. सहा जणांत दोघं रोज शंभर किलोमीटर मारणारे, दोघं रविवारचे आणि दोघं 'येतो, पण माझ्यासाठी थांबाल ना?' म्हणणारे असतील, तर डोळे झाकून मायोर्का. पोर्ट द पोयेन्सा किंवा अल्कुदियाला मुक्काम ठेवला की एकाच हॉटेलातून तीन वेगवेगळ्या राइड निघतात. दमलेल्यांनी पेत्रा गावापर्यंत सपाट जाऊन चौकात बसावं, मधल्यांनी युकच्या मठाकडे कोल द सा बाताया हा घाट चढावा. तो साधारण आठ किलोमीटरचा, पाच टक्क्यांचा चढ आहे, बोलत बोलत होतो. उरलेल्यांनी सा कलोब्राचा घाट करावा.

सा कलोब्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळे त्याचसाठी जातात. साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के. सिंहगडाचा घाट ज्याने सायकलवर चढलाय त्याला या आकड्यांत नवीन काही नाही. गंमत क्रमात आहे. सिंहगड आधी चढायचा, मग उतरायचा. इथे ६८२ मीटर उंचीच्या खिंडीतून आधी थेट समुद्रापर्यंत उतरायचं आणि मग त्याच रस्त्याने वर यायचं, कारण दुसरा रस्ताच नाही. उतरताना प्रत्येक वळणावर मनात हिशेब चालू असतो की हे सगळं परत फेडायचंय. १९३०च्या दशकात अंतोनियो पारिएत्ती या इंजिनिअरने तो बांधला. एका ठिकाणी उतार आटोक्यात ठेवायला त्याने रस्त्याचा टायच्या गाठीसारखा फेरा मारून तो स्वतःच्याच खालून काढलाय. त्या पुलाखालून जाताना वर बघितलं तर आपल्याच मागचा माणूस डोक्यावरून जाताना दिसतो. सकाळी नऊच्या आत खाली पोचा. नंतर पर्यटकांच्या बसेस येतात आणि त्या वळणांवर बस आणि सायकल एकाच वेळी मावत नाहीत.

नीसचा थाट वेगळा. इथे रस्त्यांना इतिहास आहे, शर्यतींचा. कोल देझ हा पाचशे मीटर उंचीचा घाट गावातूनच सुरू होतो आणि पॅरिस-नीस शर्यतीत वर्षानुवर्षं निकाल लावत आलाय. २०२४ला ऑलिंपिकमुळे तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा शेवट पॅरिसऐवजी नीसला झाला, तेव्हा मोनॅकोहून निघालेली शेवटची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) याच डोंगरावरून आली. मांतोंहून वर जाणारा कोल द ला मादोन हा ९२५ मीटर उंचीचा घाट तर प्रो रायडर स्वतःला तपासून घ्यायला वापरतात. ट्रेक कंपनीच्या मादोन सायकलचं नाव इथूनच आलं. रस्ता अरुंद, गाड्या फारशा नाहीत, शेवटच्या टप्प्यात एक टपरीसुद्धा नाही. दोन बाटल्या भरून घ्या. आणखी आत कोल द तुरिनी, १६०७ मीटर. समुद्रावर नाश्ता करून दुपारी पाइनच्या गार जंगलात जर्किन चढवायचं, हे मायोर्का देऊ शकत नाही.

नीसकडे आणखी एक हुकमाचं पान आहे: ट्रेन. किनाऱ्याने कान शहरापासून इटलीतल्या व्हेंतिमिल्यापर्यंत लोकल धावते आणि जागा असेल तर सायकल फुकट नेते. पाय संपले, पाऊस आला, साखळी तुटली तरी खाली स्टेशनवर घरंगळत यायचं. या जोरावर आम्ही एक दिवस सरळ सान रेमोपर्यंत गेलो, मिलान-सान रेमो शर्यतीतला पोज्जो घाट चढलो आणि व्हेंतिमिल्याहून ट्रेनने परतलो. पोज्जो जेमतेम पावणेचार किलोमीटरचा, चढही मामुली. तीनशे किलोमीटर मारल्यावर तिथे माणसं का तुटतात हे साठ किलोमीटर करून समजत नाही, पण फोटो काढलाच.

नीसची डोकेदुखी म्हणजे सकाळ. रोज पहिला अर्धा तास सिग्नल, स्कूटर आणि बस. मायोर्कात पाच मिनिटांत शेतात असता. दोन्ही देशांत गावाबाहेर सायकलला ओलांडताना गाडीवाल्याने दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे, आणि मायोर्कात तो पाळतात. नीसभोवती बहुतेक वेळा. स्पेनमध्ये गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, पण घाटात ते कुठेही घालाच.

सायकल भाड्याने दोन्हीकडे मिळते. मायोर्कात निवड जास्त, पण एप्रिलमध्ये तुमच्या मापाची फ्रेम आधी बुक केली नसेल तर मिळेलच असं नाही. मागची मोठी चकती किमान ३२ दातांची मागा, आणि पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते विचारा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला, तिकडे डाव्या. मी पहिल्या दिवशी विचारायला विसरलो. पहिल्याच वळणावर मागचा समजून डावा लिव्हर करकचून दाबला आणि पुढचं चाक जागीच अडलं. पडलो नाही ते नशीब. पेडल आणि शूज घरून न्या.

शाकाहारी असाल तर नीस सुखाचं. तिथली सोक्का म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं, कडेला जळकट झालेलं जाडसर धिरडंच. वरून मिरपूड. मायोर्कात सकाळी सगळे जी गोल एन्साइमादा खातात तिच्यात डुकराची चरबी असते, तिचं नावच त्यावरून पडलंय. तिथे टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव मागा.

मोसम: मुलांच्या सुट्टीमुळे एप्रिल-मेच जमत असेल तर मायोर्का, घाट आणि हवा दोन्ही तयार असतात. नीसला मेमध्ये कानचा चित्रपट महोत्सव आणि जूनच्या सुरुवातीला मोनॅकोची ग्राँ प्री ही मोटारशर्यत येते, हॉटेलांचे भाव विचारू नका. तिथे त्यानंतरचा जून किंवा सप्टेंबर. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हीकडे पावसाचा जुगार. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये एका वादळाने नीसच्या मागच्या खोऱ्यांतले रस्ते वाहून नेले होते.

मुंबईहून थेट विमान कुठलंच नाही. नीसला दुबईमार्गे एकदाच बदलून जाता येतं. दोन्ही देशांना शेंगेन व्हिसा एकच, पण ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे अर्ज, तेव्हा आधी ठरवा, मग अपॉइंटमेंट घ्या.

यंदा ग्रुपमध्ये मतदान झालं. सात विरुद्ध दोन, एप्रिलमध्ये मायोर्का. त्या दोघांतला एक मी. दुसऱ्याबरोबर सप्टेंबरची नीसची तिकिटं कालच काढली, घरी अजून सांगायचंय.