सिस्टिम युजेबिलिटी स्केल: गुण देते, कारण सांगत नाही

एखादे सॉफ्टवेअर वापरायला कितपत सोपे आहे, हे वापरणाऱ्यांनाच विचारून मोजायचे असेल, तर सिस्टिम युजेबिलिटी स्केल ही प्रश्नावली आजही सर्वांत आधी हाताशी येते. जॉन ब्रूक यांनी ती १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत असताना तयार केली आणि ती झटपट, कामचलाऊ मोजपट्टी आहे असे पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहिले. ती विनामूल्य आहे, काही मिनिटांत भरून होते आणि थोड्या सहभागींवरही बरीच विश्वासार्ह ठरते. टुलिस आणि स्टेट्सन या संशोधकांनी २००४ मध्ये पाच प्रश्नावल्यांची तुलना केली, तेव्हा सर्वांत कमी सहभागींत योग्य निष्कर्षाला तीच पोचली.

खरी खुबी तिच्या रचनेत आहे. दहा विधानांपैकी विषम क्रमांकांची विधाने स्तुतीची आणि सम क्रमांकांची तक्रारीची आहेत; प्रत्येकाला १ (अजिबात सहमत नाही) ते ५ (पूर्णपणे सहमत) यांपैकी एका आकड्यावर खूण करून उत्तर द्यायचे असते. विषम विधानाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम विधानाचे उत्तर ५ मधून वजा करायचे आणि बेरजेला २.५ ने गुणायचे. त्यामुळे न वाचता सगळीकडे ५ वर खूण करणाऱ्याला ५० गुण मिळतात. मात्र सगळीकडे ३ वर खूण करणाऱ्या, खरोखरच तटस्थ असलेल्या माणसालाही ५०च मिळतात. म्हणूनच नुसती बेरीज न पाहता भरलेला प्रत्येक कागद डोळ्यांखालून घालावा.

आलेला आकडा शंभरपैकी असला तरी टक्केवारी नव्हे. सरासरी साधारण ६८ मानली जाते, त्यामुळे ६५ गुणांवर समाधान मानणारे अहवाल (आणि असे अहवाल पुष्कळ असतात) प्रत्यक्षात सरासरीखालच्या कामाची भलामण करत असतात.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. जतन करण्याचे बटण शोधताना चारदा मागे फिरलेला माणूस दोष स्वतःकडे घेतो आणि प्रश्नावलीत मात्र सढळ हाताने गुण देतो. तो कुठे अडला, हे कागदावर कुठेच उमटत नाही. त्यासाठी त्याला मनातले विचार मोठ्याने बोलत काम करायला सांगावे, शेजारी बसून टिपणे घ्यावीत आणि काम पुरे झाले की नाही याची स्वतंत्र नोंद ठेवावी. प्रश्नावली मात्र काम संपताक्षणीच, कोणतीही चर्चा होण्यापूर्वी भरून घ्यावी. एकाच उत्पादनाच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीची तुलना करायची असेल, तर मी ही प्रश्नावली निःशंकपणे सुचवीन. काय दुरुस्त करायचे हे ठरवायला ती एकटी पुरणार नाही.