टिमोथी गवत, एक किलोचं पाकीट: गुहागरात दोन पावसाळे वापरून

पाकीट उघडलं की आधी नाक लावा. चांगल्या टिमोथी गवताला गोडसर वास येतो, आश्विनात सड्यावर (कातळाच्या पठारावर) कापून टाकलेल्या गवताला दुसऱ्या दिवशी येतो तसा. दोन पावसाळ्यांत माझ्याकडे वीसेक पाकिटं येऊन गेली. त्यातल्या दोनांना तो वास नव्हता, आणि ती दोन्ही मी बोंडूला घातली नाहीत.

बोंडू म्हणजे आमचा ससा. रंग पिकल्या काजूच्या बोंडूचा, म्हणून तेच नाव पडलं. वय तीन वर्षं, वाण्याच्या काट्यावर वजन १ किलो ९०० ग्रॅम. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला खोलीवर त्याला ठेवता येईना, तेव्हा एसटीने, मांडीवर टोपली घेऊन तो त्याला इकडे सोडून गेला. मी शिवणकाम करते. पडवीत माझं मशीन आणि मशीनच्या पलीकडे बोंडूचा कोपरा. त्यामुळे तो दिवसाला किती खातो, कधी खातो, काय टाकतो, हे मला ब्लाउजच्या मापांइतकं पाठ आहे.

गवत विकत घ्यायची वेळ का आली ते सांगायला हवं. भाच्याने सोबत एक पुडा दिला होता, प्राण्यांच्या दुकानातून आणलेला: मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, लाल-हिरव्या रंगाच्या कसल्याशा गोळ्या. वर रोज एक गाजर, असं दुकानदाराने सांगितलेलं. आम्ही दोन महिने तेच घातलं. एके रात्री बोंडू कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला. कोथिंबीर पुढे केली, तोंड फिरवलं. संध्याकाळपासून एक लेंडी पडलेली नव्हती. आणि दात खात होता, कडकड आवाज येईल असा. लाडाने डोकं खाजवलं की ससा बारीक दात वाजवतो, तो सुखाचा आवाज वेगळा. हा दुखण्याचा होता. उजाडल्याबरोबर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर चिपळूणला घेऊन गेले.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, सलाईन दिलं, आतडी हलवायचं आणि दुखणं कमी करायचं औषध दिलं, पिचकारीने पातळ खाणं भरवायला शिकवलं. मला रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, सशाचं जेवण म्हणजे गवत. बाकी सगळं तोंडी लावणं." हे वाक्य मी अजून विसरले नाही. सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं, अंग चाटताना गिळलेले केससुद्धा, पुढेच सरकायला लागतं, आणि ते सरकवतात गवताचे लांब तंतू. ते कमी पडले की आतडं मंदावतं. दहा-बारा तास ससा काही खाल्ल्याशिवाय राहिला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दातांचंही तसंच: सशाचे २८ च्या २८ दात जन्मभर वाढत असतात, आणि दाढा घासल्या जातात त्या गवत आडवं-आडवं चघळून. गाजराने ते होत नाही. गाजरात साखर फार. आता त्याला गाजर मिळतं ते चतकोर, तेही सणासुदीला.

तर पाकिटाबद्दल. टिमोथी हे थंड मुलखातलं गवत, कोकणात उगवत नाही. त्याचे तुरे बाजरीच्या बारीक कणसासारखे, बोटभर लांब, आणि बोंडू आधी ते शोधून खातो. हे गवत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कापणीचं असं मिळतं. पहिल्या कापणीत काड्या जाड आणि तुरे जास्त, तिसरीत नुसती मऊ पानं. मी दुसरी घेते, काडी आणि पान दोन्ही बेताचं. चांगल्या पाकिटातली काडी वीतभर तरी लांब असते, रंग हिरवट, पिवळा धम्मक नाही. हातात घेऊन झटकल्यावर धूळ उडाली तर ते पाकीट नको, त्याने ससा शिंकत बसतो. कुरिअरसह मला एक पाकीट साडेसहाशेला पडतं, आणि दुसरं काही नसेल तर बारा-तेरा दिवस जातं.

साडेसहाशे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगो, गवताला? आपल्या वाडीत काय गवत कमी आहे? सड्यावरचा ससा काय पाकिटातलं खातो?" त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, म्हणून मी वर्षभर सगळं करून पाहिलं. (सड्यावरचा ससा मात्र वेगळ्या जातीचा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात, बोंडूच्या जातीची उघडी आणि आंधळी. शिवाय रानातला ससा घरी ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. कुणी कौतुकाने पिल्लू धरून आणलं तर परत नेऊन सोडायला सांगा.)

पेंढा घातला. तो त्याने बसायला वापरला, खाल्ला नाही. भाताच्या काडीत सत्त्व ते किती असणार. सड्यावरचं वाळकं गवत आणलं तर त्यात कुसळं. साडीला अडकणारी ती कुसळं सशाच्या हिरडीत घुसतात, डोळ्यात जातात. एकदा त्याच्या ओठातून मी चिमट्याने कुसळ काढलं आहे. वाडीतलं गवत बरं, पण आमच्या शेजारी हापूसची कलमं, आणि मोहोर यायला लागला की त्यांच्यावर फवारण्या सुरू होतात. कलमांखालचं गवत मी डिसेंबरपासून आंब्याचा हंगाम संपेपर्यंत तोडत नाही. जमलं ते एकच: घटस्थापनेच्या सुमाराला, गवत फुलावर असताना आणि कुसळं कडक व्हायच्या आत, नारळीच्या वाडीतलं कापून घ्यायचं, दोन-तीन दिवस खळ्यात उलटंपालटं करून वाळवायचं. हे बोंडू आवडीने खातो. नोव्हेंबर ते मे आमचं भागतं ते यावर. म्हणजे पाकीट लागतं ते पावसाळ्यात, आणि नेमकं पावसाळ्यातच ते टिकवणं कठीण.

इथे कंपनीवर माझी तक्रार आहे. पाकिटाचं प्लास्टिक जाड, आतला माल चांगला, पण एकदा फोडलं की परत बंद करायची सोयच नाही. आषाढात आमच्याकडे मीठ पाणी सोडतं, कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे उघड्या गवताचं काय होणार? पहिल्या वर्षी अर्धं पाकीट आठ दिवसांत मऊ पडलं आणि कुबट वास यायला लागला. ते मी माडाच्या आळ्यात टाकलं. बुरशीचं गवत थोडंसुद्धा घालू नका, वरवर चांगलं दिसतंय म्हणून निवडत बसू नका. मग प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, तर डब्याला आतून घाम सुटला. चुलीवरच्या माळ्यावर ठेवून पाहिलं, सुकट राहते तसं राहील म्हणून. राहिलं कोरडं, पण धुराचा वास धरला. बोंडूने हुंगलं, मागचा पाय जमिनीवर धाड्कन आपटला आणि निघून गेला. पाय आपटणं म्हणजे त्याच्या भाषेत धोक्याची सूचना.

शेवटी मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या. एका पिशवीत पाव किलो. या पिशव्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा जमिनीवर न ठेवता पाटावर. एका वेळी एकच पिशवी बाहेर. श्रावणात उघडीप मिळाली की सगळ्या पिशव्या तासभर उन्हात. कापड गवताचा दमटपणा ओढून घेतं आणि उन्हात सोडून देतं. या पद्धतीने गेल्या पावसाळ्यात एक मूठही वाया गेली नाही.

खायला घालायची रीतही डॉक्टरांनीच सांगितली. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून गवत त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या डोक्यावर हवं. माझी जुनी रोवळी भिंतीला टांगली, त्यात गवत. कामट्या कुरतडल्या तरी बिघडत नाही. रोवळी रात्री भरूनच ठेवायची, कारण त्याची खरी भूक पहाटे आणि दिवेलागणीला. पहाटे तो शेपटीकडे तोंड नेऊन काहीतरी खाताना दिसला तर किळस करू नका. त्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या वेगळ्या असतात. त्यांत पोटातल्या जंतूंनी तयार केलेली जीवनसत्त्वं असतात, आणि त्या खाल्ल्याशिवाय त्याचं पोषण पुरं होत नाही. त्या ट्रेमध्ये पडलेल्या दिसू लागल्या की मी समजते, हिरवा पाला किंवा दाणे जास्त झाले. मग चार दिवस नुसतं गवत.

मागवताना पाकिटावरचं नाव नीट वाचा. एका विक्रेत्याने मला टिमोथी सांगून लसूणघास (अल्फाल्फा) पाठवला होता. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि पाजणाऱ्या मादीला ठीक. मोठ्या सशाला त्यातला चुना जास्त होतो आणि लघवी चुन्याच्या निवळीसारखी घट्ट पांढरी यायला लागते. ते परत केलं, पैसे मिळाले. दुसरा एक अनुभव कडू आहे. जुलैत आलेलं पाकीट कोपऱ्यात फाटलेलं होतं, आत ओल गेलेली आणि निम्मा भुगा. विक्रेत्याने "उघडलेला माल परत घेत नाही" एवढं उत्तर दिलं. पाकीट फाटलं आहे हे उघडल्याशिवाय कळणार कसं? तेव्हापासून मी कुरिअरवाल्यासमोरच चारही कोपरे बघून घेते.

पाचपैकी गुण द्यायचे तर मालाला पाच, पाकिटाच्या बंदाला दोन, किमतीला तीन. पावसाळी भागात असाल तर मे संपायच्या आत न उघडलेली पाकिटं घरात आणून ठेवा. सीलबंद पाकीट ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे चांगलं राहिलं आहे. अडीच किलोचं मोठं पाकीट किलोमागे दीडशे रुपयांनी स्वस्त पडतं, पण एकाच सशासाठी ते महिनाभर उघडं राहतं, तेव्हा जून ते सप्टेंबर एक किलोचंच घ्या. दोन ससे असतील तर मोठं चालेल.