मॉनिटरची घरघर आणि मिक्स ३१ चं फेराइट कडं – दोन महिने वापरून झाल्यावर

हर्णैला आमचं घर, माझा हॅम (हौशी) रेडिओचा सेट खाली पडवीत आणि मुलीचा कॉम्प्युटर बरोबर त्याच्या डोक्यावर माळ्यावर. चाळीस मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा डायपोल (तारेची अँटेना) दोन माडांमध्ये ताणलाय, एकेक बाजू दहा-दहा मीटर, समोर समुद्र, आणखी काय पाहिजे? पण वर मॉनिटर चालू झाला की ७ मेगाहर्ट्झवर एस ७ ची (एस म्हणजे सेटच्या मीटरवरचा सिग्नलच्या जोराचा आकडा) घरघर सुरू, समोरचा माणूस काय बोलतोय ते निम्मं अंदाजानेच घ्यायचं. इथली खरी शांतता मी ऐकलेली आहे म्हणून जास्त जीव जळायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोल आडवे झाले, किती तरी दिवस लाईट नव्हती, तेव्हा बॅटरीवर सेट लावला तर मीटर जेमतेम एस १ आणि लांबलांबचे बारीक आवाजसुद्धा शेजारच्या घरातून यावेत तसे. लाईट आली आणि ते सगळं गेलं.

तर आधी घरघर नक्की कुठून येते ते शोधलं, आणि हे केल्याशिवाय कोणी एक रुपयाही खर्च करू नका. सेट बॅटरीवर घेतला, मुलीला वर उभं केलं.

"बाबा, सीपीयू बंद केला, गेला का आवाज?"

"नाही गं, आहे तसाच."

"मॉनिटरचं बटण बंद केलं."

"थोडा कमी झाला. आता पिनच काढ."

पिन काढली आणि नळ बंद करावा तसा आवाज थांबला. म्हणजे नुसतं बटण बंद करून भागत नाही, अ‍ॅडॅप्टर आत चालूच असतो. पुन्हा सगळं लावलं, तिने एक कोरं पांढरं पान उघडलं तर घरघरीचा सूर बदलला, काळोखा फोटो लावला तर परत वेगळा! तेव्हा कळलं की चोर दोन आहेत, एक अ‍ॅडॅप्टर आणि दुसरी एचडीएमआयची केबल. गंमत म्हणजे त्या वायरी स्वतःच अँटेना होऊन बसतात, बाहेरून सगळा कचरा फेकतात आणि तो आपला डायपोल गोळा करतो.

पहिल्यांदा ऑनलाईन दहा क्लिप-ऑन फेराइटचं पाकीट मागवलं, फेराइट म्हणजे वायरीवरून येणारा असा कचरा अडवणारं चुंबकीय मटेरियल. स्वस्त होतं, पण त्यावर मटेरियल कुठलं ते काहीच लिहिलेलं नाही, नुसतं नॉइज फिल्टर. सगळे लावून जेमतेम एक एस कमी झाला. एक क्लिप उजेडात धरून बघितला तर दोन अर्धुकं नीट टेकतच नव्हती, मधून कागद आरपार जात होता, आणि एवढ्याशा फटीनेही फेराइटचा जोर निम्म्याच्या खाली जातो. शिवाय असे क्लिप बहुतेक ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या कामासाठी असतात, आपल्या चाळीस मीटरला त्यांचा काय उपयोग. व्हीएचएफवाल्यांनी (३० मेगाहर्ट्झच्या वरचे) घ्यायचे तर घ्या, एचएफसाठी (३० च्या खाली) माझ्याकडून एक स्टार.

मग एफटी २४०-३१ टोरॉइड, म्हणजे फेराइटची गोल कडी घेतली, दोन. फेअर-राइट कंपनीचं मिक्स ३१ नावाचं मटेरियल, बाहेरून ६१ मिलीमीटर, हातात घेतलं की वजन जाणवतं, राखाडी-काळं. पडलं तर कौलासारखं फुटेल एवढं मात्र जपा. अ‍ॅडॅप्टरची मॉनिटरकडे जाणारी वायर अ‍ॅडॅप्टरच्या अगदी जवळ कड्यातून नऊ वेळा ओवली. खरी ताकद या फेऱ्यांत आहे, एका फेऱ्याचे तीन केले की परिणाम तिप्पट नाही, साधारण नऊपट होतो, म्हणून दहा क्लिप एकेकदा अडकवण्यापेक्षा एकच चांगलं कडं आणि भरपूर फेरे. वायर अख्खी ओवायची, आतल्या दोन तारा वेगळ्या करायच्या नाहीत, म्हणजे जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडून टाकतो आणि कडं सॅच्युरेट होत नाही, म्हणजे चुंबकत्वाने भरून निकामी होत नाही.

एवढ्यानेच एस ७ चा एस ५ झाला. दुसरं कडं एचडीएमआयला, पाच फेरे, आणि आला एस ३! एका एसला ६ डीबी (डेसिबल) धरले तर २४ डीबी कमी, मीटर काही सोनाराचा काटा नव्हे पण कानाला फरक लख्ख कळतो. सकाळी ठरल्या वेळी हॅम मंडळी रेडिओवर जमतात त्या नेटवर आता कोणाला पुन्हा बोला म्हणावं लागत नाही, मला याचा खरंच फार आनंद आहे.

तक्रारी आहेत. शिपिंग धरून एक कडं दोन हजाराच्या आसपास पडलं, हे जड आहे. एचडीएमआयची जाडी केबल वळता वळत नाही, जास्त आवळली तर चित्र लुकलुकायला लागलं, शेवटी पातळ आणि लांब केबल वेगळी घ्यावी लागली. आपल्या खाऱ्या हवेत फेराइटला गंज येत नाही ही जमेची बाजू, बांधायला मात्र साध्या प्लास्टिकच्या पट्ट्या वापरू नका, उन्हात कडकड तुटतात, मी सुंभाने बांधलंय.

आणि हे कडं सगळ्यावर औषध नाही. पहाटे दव पडलं की पोलवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर साठलेल्या मिठामुळे जी चरचर येते ती तुमच्या घरातली नाहीच, मेन स्विच पाडूनही ती चालूच राहते, तिथे फेराइट काही करणार नाही. पहिला जोराचा पाऊस पडून गेला की ती आपोआप धुवून जाते.

एक फायदा अनपेक्षित मिळाला. ७.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे मेसेज पाठवायची डिजिटल पद्धत) चालवताना ट्रान्समिट केलं की मुलीच्या कॉम्प्युटरचा माऊस थिजायचा. एका रात्री एचडीएमआयचं कडं काढून यूएसबीच्या केबलला ओवून बघितलं, सात फेरे, माऊस एकदाही अडकला नाही. म्हणजे तिकडचा कचरा इकडे आणि इकडचा तिकडे, दोन्ही वाटा एकाच कड्याने अडतात. आता तिसरं मागवलंय, ते आलं की यूएसबीला कायमचं, आणि मग १४ मेगाहर्ट्झवर राउटरच्या अ‍ॅडॅप्टरची जी बारीक शिट्टी येते तिच्याकडे वळायचंय. कड्याला साडेचार स्टार, अर्धा फक्त किमतीचा कापला.