इस्पितळ चालवायला द्यायचे, की नुसते डायलिसिस?

ग्रामसभेत ‘सरकारी इस्पितळ खासगी संस्थेला द्यायचे का’ असा विषय निघाला की पाच मिनिटांत सभेत दोन तट पडतात. खरे तर खासगीकरण या एका शब्दात तीन वेगळे व्यवहार दडलेले असतात. हात वर करण्याआधी आपल्यापुढे त्यातला कोणता आहे ते विचारून घ्यावे.

पहिला, एकाच सेवेचे कंत्राट. गोव्यात १०८ रुग्णवाहिका २००८ पासून अशीच धावते. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची विभागणीही सरळ आहे: यंत्रे, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, रक्त गाळणारा डायलायझर आणि माणसे कंत्राटदाराची, जागा, औषधे, वीज, पाणी सरकारचे. हे जमते, कारण काम मोजता येते. चार तासांचे एक सत्र, त्यात मिनिटाला ५०० मिलिलिटर डायलिसिसचा द्रव, म्हणजे एका रुग्णामागे १२० लिटर शुद्ध पाणी. घोटाळाही याच पाण्यात होतो. आरओच्या आधी कार्बन फिल्टर असतो. तो वेळेवर बदलला नाही तर नळाच्या पाण्यातले क्लोरामाइन (जंतुनाशक क्लोरीनचे संयुग) पुढे जाते आणि रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पैसे सत्रामागे ठरलेले आणि फिल्टरचा खर्च कंत्राटदाराच्या खिशातून, तेव्हा ‘अजून महिनाभर चालेल’ हा मोह ठरलेलाच. म्हणून प्रत्येक पाळीआधी क्लोरीनची चाचणी आणि नोंदवहीवर सरकारी डॉक्टरची सही, हे करारात लिहूनच घ्यावे.

दुसरा, विमा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंत संरक्षण मिळते. यादीतल्या, आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला हे सोयीचे. पण पॅकेजचा दर ठरलेला असतो, त्यामुळे गुंतागुंत होऊन आयसीयूत लांबलेला रुग्ण खासगी इस्पितळाला तोट्याचा. त्याला ‘गोमेकॉत न्या’, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, असे सांगितले जाण्याचा धोका राहतो. म्हणजे बांबोळीच्या खाटा कमी करून विमा वाढवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार.

तिसरा, अख्खे इस्पितळ. नीती आयोगाच्या २०२० च्या नमुन्यात जिल्हा इस्पितळ वैद्यकीय महाविद्यालयासाठी ६० वर्षे खासगी भागीदाराकडे जाते आणि खाटा दोन प्रकारच्या होतात: सरकारी दराच्या आणि बाजारभावाच्या. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळावरून पूर्वी वाद झाला, पुढे मडगावच्याही. आमचा आक्षेप खाटांच्या या विभागणीलाच आहे. रात्री दोन वाजता काणकोणहून आलेल्या माणसाला कुठली खाट द्यायची, हे ठरवणाऱ्याचा पगार बाजारभावाच्या खाटेवर अवलंबून असेल, तर कागदावरची टक्केवारी काय कामाची?

विरोध करणाऱ्यांनीही सरकारी कारभाराला उगाच झाकू नये. पुष्कळदा यंत्र बंद पडते ते देखभाल करारात सुटे भाग धरलेले नसतात म्हणून. साध्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बहुधा फक्त मजुरी येते, सीएमसीत (सर्वसमावेशक देखभाल करारात) भागही. सीटी स्कॅनची ट्यूब गेली आणि करार एएमसीचा असला की नव्याने मंजुरी, नव्याने निविदा. तोवर रुग्ण बाहेर पैसे मोजतो. यावर इलाज सीएमसी, त्यासाठी इस्पितळ विकायला नको.

प्रस्ताव आलाच तर माहिती हक्काखाली १० रुपयांचा अर्ज करून करार मागा, परिशिष्टांसकट. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तेव्हा सभेच्या तारखेआधी महिनाभर अर्ज गेला पाहिजे. हाती आला की आधी शेवटची पाने उघडा: करार मध्येच मोडला तर यंत्रे कोणाची, आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिस कोण करणार?