चुलीवरची गावं शोधताना: जनगणना घ्यावी की कुटुंब आरोग्य सर्वेक्षण?

तालुक्यातल्या कोणत्या गावांना अजून गॅस परवडत नाही हे शोधायचं, तर दोन सरकारी आकडे समोर येतात: जनगणना 2011 ची घरयादी (घरोघरच्या सोयींची नोंद) आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी. जव्हार-मोखाड्यात सुधारित चुलींसाठी गावं निवडताना आम्ही दोन्ही वापरून पाहिले.

सर्वेक्षण त्यातल्या त्यात ताजं. महाराष्ट्रातली पाहणी 2019 मधली, म्हणजे गरीब घरांना गॅस कनेक्शन देणारी उज्ज्वला योजना सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरची. गॅससारखं स्वच्छ इंधन वापरणारी घरं राज्यात आधीच्या फेरीतल्या 59.9 टक्क्यांवरून 79.7 टक्क्यांवर गेली, हे त्यातूनच कळतं. राज्याचा कल दाखवायचा किंवा निधीचा अर्ज भरायचा, तर तेच घ्यावं.

आमचं घोडं अडलं ते जिल्ह्याच्या सरासरीवर. पालघर जिल्ह्यात एकीकडे वसई-विरारच्या इमारती, दुसरीकडे मोखाड्याचे पाडे. 2011 च्या मोजणीनुसार जिल्ह्यातल्या 29.9 लाख लोकांपैकी 13.4 लाख एकट्या वसई तालुक्यात. मोखाड्यात लाखभरही नाहीत. मग सरासरी वसईकडे झुकणारच. दर बैठकीत कुणीतरी विचारायचं, "पालघरमध्ये आता गॅस पोचलाय ना?" लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायका आम्ही रोज पाहत होतो, पण कागदावर दाखवायला काही नसायचं. तालुका वेगळा काढावा, तर राज्यभरात पाहिलेली घरं 31,643. एका जिल्ह्याच्या वाट्याला नऊशेच्या आसपास. त्यातून मोखाड्याबद्दल ठाम बोलणं मला तरी पटेना. सर्वेक्षण आखलंय जिल्ह्यासाठी, त्याला दोष देता येणार नाही.

जनगणनेचा तक्ता उज्ज्वलाच्या आधीचा. त्यात ही गावं ठाणे जिल्ह्यात सापडतात, कारण पालघर वेगळा झाला 2014 ला. पण गावागणिक लाकूड, गोवऱ्या, रॉकेल, गॅस असे वेगळे रकाने मिळतात. टक्के आज खरे नाहीत, हे मान्य. गावांचा क्रम मात्र आम्हाला बराचसा तसाच आढळला. तेव्हा जवळपास पूर्ण लाकडावर असलेल्या गावांत आज सिलिंडर आहे, पण कोपऱ्यात, आणि ओसरीवर मोळी रचलेली. कनेक्शन एकदा मिळतं. टाकी भरून आणायला दर वेळी रोकड लागते आणि पाड्यापर्यंत चालणारी गाडीही.

एक उणीव दोन्हीकडे आहे. विचारतात ते मुख्य इंधन. चहा गॅसवर आणि भाकरी-भात चुलीवर, अशा घराचा अर्धा भाग नोंदीतून सुटतो. शिवाय गावाच्या आकड्यात मैलभर लांबचा पाडाही गावठाणातच मिसळून जातो.

तुमचं काम जिल्हाभराचं असेल तर सर्वेक्षण पुरेल. गाव निवडायचं असेल तर मी जुना तक्ताच आधी उघडेन आणि पाड्यावर जाऊन "गॅस आहे का?" याऐवजी "शेवटची टाकी कधी आणली?" असं विचारेन. हे दिवाळीआधी करावं. नंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात, घराला कुलूप असतं, आणि त्या महिन्यांत टाकी आणली नाही याचा अर्थ परवडली नाही असाच होतो असं नाही.