लोकअभिरक्षक कार्यालय: सरकारी खर्चाने मिळणारा फौजदारी वकील

फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, असं कोर्टाच्या आवारात सर्रास ऐकू येतं. पहिल्या रिमांडपुरतं (आरोपीला कोठडीत ठेवण्याच्या कोर्टाच्या आदेशापुरतं) तरी ते खरं नाही. अटकेनंतर २४ तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करतात, आणि तेवढ्या वेळात धावून येणारी लोकअभिरक्षक कार्यालय ही सर्वांत खात्रीची सोय आहे. २०२२ च्या योजनेतले हे वकील पूर्णवेळ असतात, खासगी प्रकरणं घेत नाहीत. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा काही गटांनाही नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज द्या. फी शून्य. मध्ये कोणी ‘खर्चापाण्याचे’ मागितले तर लगेच सचिवांना सांगा.

जाताना एफआयआरची प्रत, अटकेची तारीख-वेळ आणि अटकेच्या कारणांचा कागद न्या. ही कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत, लेखी, रिमांडच्या किमान २ तास आधी द्यावी लागतात. कागद मिळालाच नसेल तर वकिलाला सर्वांत आधी तेच सांगा.

उणीव पुढे जाणवते. वकील आपल्या पसंतीचा मिळत नाही आणि नातेवाइकांशी निवांत बोलायला त्यांना वेळ कमी असतो. म्हणून दिवस स्वतः मोजा. दोषारोपपत्र (चार्जशीट) ६० दिवसांत (फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९०) आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून. दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत जामिनाचा अर्ज पडला नाही, तर हा हक्क हातचा जातो. मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यातच वकिलाला आठवण करा.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो तो जामीनदारापायी. सातबारा, घरपट्टीची पावती, तहसीलचा ऐपतीचा दाखला जमवताना गरिबाचे आठवडे जातात. ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं असतं. त्यावर विसंबू नका, अट शिथिल करण्याचा अर्ज याच कार्यालयाकडून करून घ्या.